आर्किटेक्टला आमच्या घराचे फोटो मासिकात द्यायचेत, हो म्हणावं का?

पडवीकर

दापोली तालुक्यात आमच्या जागेवर गेल्या वर्षी घर बांधून पूर्ण झालं. जांभ्याच्या भिंती, उतरतं कौलारू छप्पर, मध्ये उघडा चौक आणि तिन्ही बाजूंनी पडवी. आर्किटेक्ट पुण्याचे, वयाने लहान, पण काम मन लावून केलंय. चिरा पसंत करायला स्वतः खाणीवर गेले होते, त्यावरून काय ते समजा.

आता त्यांचा फोन आला. पाऊस सरला की फोटोग्राफर घेऊन येतो म्हणाले, दोन दिवस लागतील, एका नामांकित मासिकाशी बोलणं झालंय. सोबत एक इंग्रजी फॉर्म पाठवलाय सही करायला. त्यात 'सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी' अशी एक ओळ आहे, तिथे माझं पेन अडलं.

बायको म्हणते देऊया, त्याने एवढं केलं आपल्यासाठी, त्याला पुढची कामं मिळतील. बाबांचा साफ नकार. त्यांचं म्हणणं, पावसाळ्यात आपण सगळे पुण्यात, घराला कुलूप, आणि आत काय काय आहे ते रंगीत छापून जगाला दाखवायचं कशाला? मी दोघांच्या मध्ये.

ज्यांची घरं अशी छापून आली आहेत, त्यांनी कृपया सांगा. नाही म्हटलं तर चालतं का? गावाचं नाव न देता छापतात का? पैसे मिळतात का (उगाच विचारतोय)? आणि पडवीला झडीसाठी निळी ताडपत्री बांधायचे हुक आहेत, काळी टाकी आहे, आईची दोरी आहे कपड्यांची. हे सगळं काढायला लावतात म्हणे, खरं का?

खादाडखाऊ

आधी इथे टाका फोटो, मग मासिकाचं बघू :)

रेघोट्या

मी आर्किटेक्ट आहे, त्यामुळे माझं मत एकतर्फी समजून वाचा.

पैसे मिळत नाहीत. मासिक सहसा घरमालकाला देत नाही आणि आर्किटेक्टलाही देत नाही. उलट बहुतेक वेळा फोटोग्राफरचं बिल आर्किटेक्टच भरतो, आणि लहान ऑफिससाठी ती रक्कम चांगलीच जड असते. तरी आम्ही करतो, कारण नवीन माणूस काम द्यायला येतो तो फोटो बघून. तुमचं घर बघायला दापोलीला कोण येणार? आम्हाला जाहिरात करण्यावरही आमच्या परिषदेच्या नियमांची बंधनं आहेत, त्यामुळे छापून आलेलं काम हाच आमचा बोर्ड.

तुम्हाला ठाऊक असावी अशी एक गोष्ट. 'मासिकात' म्हणजे फक्त मासिकात नव्हे. आर्किटेक्चरल डायजेस्ट किंवा एले डेकोरच्या भारतीय आवृत्तीत यायचं तर त्यांना सहसा पहिलं प्रकाशन हवं असतं, म्हणजे तोवर आम्ही इन्स्टावर एक फोटोसुद्धा टाकायचा नाही. छापून आलं की तेच फोटो आर्चडेलीसारख्या संकेतस्थळांवर जातात, मग स्पर्धांना, मग ऑफिसच्या साइटवर, मग कुणीतरी पिंटरेस्टवर चिकटवतं. तिथून पुढे ते कुणाच्याच हातात राहत नाहीत. अंक महिन्याभराने रद्दीत जातो, नेटवरचं मात्र तसंच असतं.

दुसरं, फोटोंबरोबर नकाशे मागतात. प्लॅन आणि सेक्शन, म्हणजे घराचा वरून दिसणारा आराखडा आणि उभा छेद. याकडे मालक लक्षच देत नाहीत, सगळे फोटोंवरच अडून बसतात. मी मालक असतो तर दिवाणखान्याच्या फोटोला लगेच हो म्हटलं असतं, प्लॅनला दोनदा विचार केला असता. मागचं दार कुठे, झोपायची खोली कुठे, कुठल्या खिडकीला गज नाहीत, हे सगळं त्यात मापासकट असतं.

आणि तुम्ही त्यांच्याबरोबर केलेला मूळ करार काढून वाचा. कामाचे फोटो काढायची परवानगी बऱ्याच करारांत आधीच दिलेली असते, शेवटच्या पानावर.

बाकी हुक राहू द्या हो. चांगला फोटोग्राफर हुकांमुळे रडत नाही.

माईंचा_वाडा

आमचं घर कोल्हापूरजवळ, छापून आलंय. शूटचा दिवस कसा जातो ते सांगते, कारण ते कुणी सांगत नाही.

सकाळी सात वाजता टेम्पोतून माणसं उतरली. पहिल्या तासात स्वयंपाकघरातला मिक्सर, डबे, फ्रिजवरची चुंबकं, भिंतीवरचं कालनिर्णय, पायपुसणी, कचऱ्याची बादली, टीव्हीचा रिमोट, सगळं मागच्या खोलीत. सासूबाईंची खाट उचलली तेव्हा त्या त्यावर बसलेल्याच होत्या. मग शूटवाल्यांच्या पेटाऱ्यातून पितळी घंगाळं, कच्च्या सुताच्या उशा आणि आमच्याच परसातली केळीची पानं तोडून मोठ्या बरणीत. पंखे बंद, कारण चालू पंखा फोटोत फिसकटतो. मे महिना होता.

दुपारी उन्हात आतले फोटो, आणि सूर्य मावळल्यावर जेमतेम वीस मिनिटं बाहेरचा तो निळा-पिवळा फोटो, घरातले सगळे दिवे लावून. तेवढ्यासाठी आधी दोन तास बल्ब बदलत होते, पांढरे काढून पिवळे. मला साडी नेसून चौकातून हळू चालायला सांगितलं, पाठमोरं, पुन्हा पुन्हा. छापलेल्या फोटोत मी म्हणजे एक धूसर डाग आहे. ओळखीच्या कुणालाही ती मी वाटत नाही, आणि मला तेच बरं वाटतं.

देवघर मात्र फोटोत नको हे आधीच ठरवलं होतं, आणि त्यांनी पाळलं. त्यामुळे आधी बोला. त्या दिवशी सकाळी बोलायला गेलात तर तोवर सगळं घर उलटंपालटं झालेलं असतं आणि नाही म्हणायला जीभ रेटत नाही.

छापून आल्यावर काय झालं? चोर आला नाही. आर्किटेक्चरच्या कॉलेजची मुलं आली, न सांगता, रविवारी दुपारी, वह्या घेऊन. गोड मुलं होती, चहा दिला. पुढच्या रविवारी दुसरी आली. मग दलाल आला, 'विकायचंय का'. नातेवाइकांकडून 'एवढा पैसा आला कुठून' हे वेगळंच.

फोटो सुंदर आहेत हे मात्र कबूल. आपण इतक्या छान जागेत राहतो हे मला त्या अंकात कळलं.

गावठी_बुद्धी

मला ही भीती जरा जास्तच वाटते. चोर काय आर्किटेक्चरल डायजेस्ट वाचतो? दापोलीत कुणाचं घर बंद, कोण पुण्याला गेलं, राखणदार किती वाजता झोपतो, हे अख्ख्या वाडीला पाठ असतं. अलिबाग-मुरूड पट्ट्यात नांदगावला स्टुडिओ मुंबई या आर्किटेक्ट ऑफिसने माडांच्या बागेत बांधलेलं पामायरा हाउस घ्या. २००७ साली पूर्ण झालं, वास्तुकलेच्या २०१० च्या आगा खान पुरस्काराच्या अंतिम यादीत होतं, गावाच्या नावासकट जगभर छापलं. त्या फोटोंमुळे कोकणातल्या लाकडी पट्ट्यांच्या आणि माडाच्या सावलीच्या घराकडे बाहेरच्यांनी वेगळ्या नजरेने पाहिलं. सगळेच मालक कडी लावून बसले असते तर आपल्याकडे सगळीकडे काचेचे डबेच उभे राहिले असते. द्या हो बिनधास्त.

रेघोट्या

@गावठी_बुद्धी, वाडीला ठाऊक असतं हे खरं, पण वाडीतला माणूस तुम्हाला ओळखतो आणि तुम्ही त्याला. मी बोलतोय ते परक्या माणसाबद्दल, ज्याला आजवर ते घर आहे हेच माहीत नव्हतं.

@पडवीकर, ड्रोनचं विचारून ठेवा. वरून घेतलेल्या एका फोटोत चौक, विहीर, रस्त्याचं वळण आणि शेजारच्या कलमांच्या रांगा दिसतात. गावाचं नाव नसलं तरी उपग्रहाच्या नकाशावर चिकाटीने शोधणाऱ्याला तेवढं पुरतं. आणि फोटोच्या फाइलमध्ये जागेचे आकडे साठवलेले असू शकतात, ते पुसूनच पुढे पाठवायला सांगा.

सातासमुद्रापार

लॉस एंजेलिसहून. इथे १९४५ पासून 'आर्ट्स अँड आर्किटेक्चर' नावाच्या मासिकानेच घरं बांधवून घेतली, केस स्टडी हाउसेस. म्हणजे फोटो हा घराच्या जन्माचाच भाग. त्यातल्या २२ नंबरच्या, स्टाल कुटुंबाच्या घराचा फोटोग्राफर जूलियस शुलमनने १९६० साली काढलेला रात्रीचा फोटो तुम्ही नक्की कुठेतरी बघितला असेल: दरीवर तरंगणारी काचेची खोली, आत दोन मुली गप्पा मारतायत, खाली शहराचे दिवे. त्या मुली घरातल्या नव्हेत आणि फर्निचरही शूटसाठी बाहेरून आणलेलं. कुटुंबाला पुढे त्या फोटोचा फायदा झाला, चित्रीकरणाला घर दिलं, लोकांना दाखवलं. त्यांना ते मानवलं.

दुसरं टोक म्हणजे इलिनॉयमधल्या प्लेनोचं फार्न्सवर्थ हाउस. मीस व्हॅन डर रोहे या आर्किटेक्टने एडिथ फार्न्सवर्थ नावाच्या डॉक्टर बाईंसाठी बांधलेलं, चारही बाजूंनी काच, १९५१ साली पूर्ण. गंमत म्हणजे पाया खणायच्या आधीच, १९४७ मध्ये, न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्याची प्रतिकृती मांडली होती. बाई राहायला गेल्या तेव्हा घर आधीच प्रसिद्ध होतं आणि बघे येऊन काचेतून आत डोकवायचे. खर्चावरून आर्किटेक्टशी कोर्टकज्जा झाला तो निराळाच. १९५३ मध्ये 'हाउस ब्युटिफुल' मासिकाने त्या घरावर झोड उठवली तेव्हा बाई मासिकाच्या बाजूने बोलल्या. शेवटी १९७२ मध्ये विकून मोकळ्या झाल्या.

मला यातून एवढंच दिसतं की स्टाल मंडळींना पाहुणे आवडायचे आणि डॉक्टर बाईंना आवडत नव्हते. पडवीकर, तुमच्या घरी न सांगता कुणी आलं तर बाबांचं काय होतं?

पडवीकर

@सातासमुद्रापार, बाबा गेटवरच उलटतपासणी घेतात. पोस्टमनचीसुद्धा.

माईंचा_वाडा, खाटेचं वाचून आम्ही सगळे हसलो, आई सोडून.

मूळ करार काढला. रेघोट्या म्हणतात तशी ओळ नाहीये त्यात. मग नाही म्हणता येईल ना? आणि समजा दिली परवानगी, तर त्या 'कायमस्वरूपी'चं काय करायचं? नकार देऊन त्याचं मन मोडायची इच्छा नाही, पुढे गळकं कौल बदलायला त्यालाच बोलवायचंय.

कलम_बहाद्दर

वकील आहे, पण हा फुकटचा सल्ला आहे, त्याच भावाने घ्या.

तुमच्या घराच्या रचनेवरचा कॉपीराइट आर्किटेक्टचा. पण आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ वाचलं तर वास्तूचा फोटो काढणं किंवा छापणं हा त्या हक्काचा भंग होत नाही. म्हणून तुम्ही स्वतः फोटो काढून कुठेही टाका, त्यांची परवानगी नको. त्याचप्रमाणे रस्त्यावरून दिसणाऱ्या बाजूचा कुणी फोटो काढला तर तुम्हालाही फारसं काही करता येत नाही. तुमचा जोर आहे तो आत येऊ देण्यावर. फाटकाच्या आत त्यांनी तुमच्या संमतीशिवाय यायचं नाही, आणि संमती देताना अटी घालायला तुम्ही मोकळे आहात.

फोटोंचा मालक कोण हा वेगळा प्रश्न. उलटा करार नसेल तर पैसे देऊन ज्याने फोटो काढवून घेतले तो पहिला मालक, कलम १७. म्हणजे बिल आर्किटेक्टने भरलं तर फोटो त्याचे, तुमचे नव्हेत. पण व्यावसायिक फोटोग्राफर करारात हक्क स्वतःकडे ठेवून फक्त वापरायची परवानगी देतात, तेव्हा तोही कागद बघायला मागा. हक्क हस्तांतर करताना मुदत लिहिली नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणूनच फॉर्ममध्ये 'कायमस्वरूपी' घालतात, ती चूक नव्हे.

तो फॉर्म तसाच सही करू नका आणि फेटाळूही नका. खाली मराठीत लिहितो, त्यांना त्याचं इंग्रजी करू द्या:

'फोटो काढायला परवानगी आहे. प्रसिद्ध करण्यापूर्वी निवडलेले फोटो आणि मजकूर मालकास दाखवून लेखी होकार घ्यावा. गाव, वाडी, मालकाचे नाव व घराची किंमत छापू नये. फक्त "कोकणातील घर" असे म्हणावे. मोजमापांसह नकाशा, ड्रोनने वरून घेतलेली दृश्ये, देवघर, कुलपे, कॅमेरे आणि कुटुंबातील व्यक्तींचे चेहरे यांचे फोटो प्रसिद्ध करू नयेत. छापील मासिक, त्याचे संकेतस्थळ आणि आर्किटेक्टचे संकेतस्थळ यांखेरीज अन्य वापरासाठी, विशेषतः रंग, टाइल, फर्निचर कंपन्यांच्या जाहिरातीसाठी, नव्याने परवानगी घ्यावी. घर पाहायला येणाऱ्यांनी आर्किटेक्टमार्फत वेळ ठरवावी. शूटदरम्यान मोडतोड झाल्यास भरपाई आर्किटेक्ट देतील. सर्व फोटोंचा एक संच मालकास मिळावा.'

जाहिरातीचं वाक्य वगळू देऊ नका. बाकीच्यांवर घासाघीस चालेल.

रेघोट्या

मसुदा चोख आहे. मी असतो तर सही केली असती. लेखी होकाराला मुदत घाला, सात दिवस वगैरे, नाहीतर अंक छापायला जातो आणि मालक देवदर्शनाला गेलेले असतात.

आणि प्लॅन पूर्ण नाकारण्यापेक्षा मापं आणि खोल्यांची नावं काढून द्यायला सांगा. त्याच्यासाठी त्या चौकाचा प्लॅन हेच खरं काम आहे, फोटोत ते कळत नाही.

पडवीकर

हे जमण्यासारखं आहे. मापांशिवाय प्लॅन, ड्रोन नाही. आर्किटेक्टला आत्ताच फोन केला, ड्रोनवर जरा हिरमुसला, बाकी लगेच हो म्हणाला. कागद उद्या पाठवतो म्हणतोय. मी सही करून टाकू ना?

कलम_बहाद्दर

एक मिनिट. पहिल्या पोस्टमध्ये 'आमच्या जागेवर' लिहिलंय. घरपट्टीच्या नमुना ८ ला नाव कुणाचं लागलंय?

पडवीकर

बाबांचं.

कलम_बहाद्दर

मग तुमच्या सहीला काही अर्थ नाही. मसुदा मोठ्या अक्षरात छापून त्यांच्यापुढे ठेवा आणि उलटतपासणीला आर्किटेक्टलाच पाठवा.