'हिअर कम्स द सन' : जमैकाची झाकलेली बाजू, की परदेशी वाचकांसाठी मांडलेलं दुःख?

रानजाई

(कथानक उघड होईल असं बरंच लिहिलंय. ज्यांना आधी वाचायचंय त्यांनी इथूनच परत फिरा.)

आपल्याला जमैका माहीत ते गायक बॉब मार्लीमुळे आणि क्रिकेटमुळे. दिलीप सरदेसाईंनी १९७१ मध्ये तिथल्या सबिना पार्कवर काढलेल्या २१२ धावा आमच्या घरात अजून निघतात. तिसरं जमैका टूर कंपनीच्या पत्रकात असतं : पांढरी वाळू, नारळाचं झाड, आणि हातात ट्रे घेऊन हसणारी एक सावळी मुलगी.

निकोल डेनिस-बेन या जमैकन लेखिकेची 'हिअर कम्स द सन' ही २०१६ साली आलेली पहिली कादंबरी ही ट्रेवाली मुलगी संध्याकाळी ड्यूटी संपवून कुठे जाते ते सांगते. काळ १९९४. माँटेगो बेजवळ रिव्हर बँक नावाचं मच्छीमारांचं गाव (हे नाव काल्पनिक). मार्गो ही तिशीतली बाई एका बड्या रिसॉर्टच्या फ्रंट डेस्कवर काम करते. ड्यूटी संपली की पाहुण्यांच्या खोल्यांमध्ये जाते आणि त्याचे पैसे घेते. का, तर धाकटी बहीण थांडी कॅथलिक शाळेत शिकतेय, ती डॉक्टर होऊन घर वर काढेल म्हणून. थांडीला चित्रं काढायचीत. आई डलोरेस पर्यटकांना माळा, किचेन, लाकडी बाहुल्या असलं सामान विकते. आणि गावावर नव्या हॉटेलची टाच येऊ घातलीय.

माझं मत सरळ सांगते. ही कादंबरी पर्यटकाला खलनायक करत नाही, आणि म्हणूनच ती खरी वाटते. पर्यटक येतो, पैसे टाकतो, आठवड्यात परत जातो. त्या पैशासाठी कोणाला विकायचं हे घरातलीच माणसं ठरवतात. डलोरेसने मार्गोला कोवळ्या वयात एका गिऱ्हाइकाच्या हवाली केलेलं असतं. पुढे मार्गो तेच गावच्या इतर मुलींबाबत करते, जरा पॉलिश करून, मॅनेजरच्या खुर्चीवर डोळा ठेवून. सगळ्यात अंगावर आलं ते थांडीचं. रंग उजळावा म्हणून ती मिस रूबी नावाच्या बाईकडून अंगाला क्रीम चोपडून घेते, वरून प्लास्टिकची पातळ फिल्म गुंडाळते, त्यावर शाळेचे कपडे, आणि उन्हाच्या तडाख्यात तशीच वर्गात बसते. घाम जायला वाट नाही. ही मिस रूबी पूर्वी मासे विकायची.

कोणी वाचलीय का? आवडली नसेल तरी लिहा.

उंटावरचा_शहाणा

वाचलीय, आणि नाही आवडली. भाषा चांगली आहे, प्रश्न तो नाही.

वेश्याव्यवसाय, आईने विकलेली मुलगी, बलात्कार, त्वचा जाळणारी क्रीमं, समलिंगी बाईच्या अंगणात आणून टाकलेली मेलेली कुत्री, दुष्काळ, वर गाव उठवणं. सगळं एकाच घरात आणि त्याच्या शेजारी! या कुटुंबाच्या सातबाऱ्यावर एकही बरी नोंद नाही. जमैकात माणसं हसत नाहीत? डॉमिनो खेळत नाहीत? रविवारी चर्चमधून येऊन पोटभर जेवत नाहीत?

लेखिका किंग्स्टनची, राहते न्यूयॉर्कमध्ये, प्रकाशक तिथलाच. तिथल्या वाचकाला गरम देशातलं दुःख असंच एकत्र बांधून लागतं. आधी पत्रकातलं जमैका विकलं, आता पत्रकामागचं विकतायत. गिऱ्हाईक तेच.

घाटमाथा

वाचनखूण साठवली. मराठीत अनुवाद आहे का याचा?

पेडण्याचा_दर्यावर्दी

कादंबरी वाचलेली नाही, पण ही जागा पाहिलीय म्हणून लिहितो. मी क्रूझवर होतो, हाउसकीपिंगला. आमच्या पेडण्या-बार्देशातले, सिंधुदुर्गातले किती पोरगे या बोटींवर आहेत ते तुम्हाला माहीतच असेल.

फालमथ हे माँटेगो बेच्या पूर्वेचं जुनं बंदर. गुलामीच्या काळात इथून साखर जायची. तिथे २०११ मध्ये एका बड्या क्रूझ कंपनीच्या भागीदारीत नवा धक्का झाला. धक्क्याला लागूनच कुंपणाच्या आत दुकानं. सहा-सहा हजारांची बोट लागते, पण निम्मे पॅसेंजर कुंपणाच्या आतच फिरतात किंवा बोटीवर बुक केलेल्या बसने थेट सहलीला जातात आणि जेवायला परत येतात. जेवण फुकट ना बोटीवर! गेटबाहेर डलोरेससारख्या बायका उभ्या. आम्ही क्रूवाले बाहेर पडायचो ते घरी फोन लावायला आणि स्वस्तात चिकन खायला. आमच्याकडे बघून त्या हाकसुद्धा मारायच्या नाहीत. गिऱ्हाईक कोण आणि आपल्यातला कोण हे त्यांना चालण्यावरून कळायचं.

उंटावरचे, हसतात हो माणसं. भरपूर हसतात. पण गेटवरचं हसणं कामातच धरलेलं असतं, ते मीही सहा महिने केलंय. 'गुड मॉर्निंग सर' म्हणताना दात दिसले नाहीत तर सुपरवायझर लिहून ठेवायचा.

रानजाई

@दर्यावर्दी, पुस्तक नक्की वाचा. डलोरेसचे बाजारातले प्रसंग तुम्हाला जास्त भिडतील. गिऱ्हाइकापुढे जिभेवर साखर, आणि पोरींशी बोलताना तीच जीभ विळ्यासारखी.

@उंटावरचा_शहाणा, 'लेखिका न्यूयॉर्कमध्ये राहते' हा मुद्दा मला पटत नाही. ती तिथे का राहते ते बघा. तिची जोडीदार बाई आहे. जमैकात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा १८६४ चा ऑफेन्सेस अगेन्स्ट द पर्सन अ‍ॅक्ट अजून चालतो, म्हणजे आपल्या ३७७ चाच भाऊबंद. आपण २०१८ मध्ये तो निकाली काढला, त्यांच्याकडे तो आहे. गावात राहून तिने हे लिहिलं असतं तर तिच्या अंगणात काय येऊन पडलं असतं?

कायद्याचं_बोला

दुरुस्ती : त्या कायद्याची कलमं पुरुषांबद्दल आहेत. दोन स्त्रियांच्या संबंधांविषयी त्यात काही नाही.

रानजाई

बरोबर. पण म्हणूनच व्हर्डीनचं उपकथानक बघा. इंग्लंडहून परतून आईच्या घरात एकटी राहणारी ही बाई. तिच्याविरुद्ध कायदा नाही, पोलीस नाही, तक्रार नाही. गावच सगळं परस्पर करतं. आणि मार्गो, जिचं याच व्हर्डीनवर प्रेम आहे, ती हॉटेलातल्या वरिष्ठ बाईला खुर्चीवरून हटवण्यासाठी नेमकं कोणतं हत्यार वापरते? बाईचं बाईशी प्रकरण रचायचं आणि उघडं पाडायचं. ते प्रकरण वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

तिरफळ

मी जरा तिसरंच बोलतो. तुम्ही दोघं माणसांच्या स्वभावावर भांडताय, जमिनीवर कोणीच बोलत नाही. मूळ दुखणं तिथे आहे.

जमैकात १९५६ चा बीच कंट्रोल अ‍ॅक्ट आहे. इंग्रज असतानाचा. स्वातंत्र्य १९६२ चं, पण हा कायदा तसाच राहिला. त्यानुसार भरती-ओहोटीमधली पट्टी आणि समुद्राचा तळ सरकारचा. सरकार परवाना देणार, हॉटेल कुंपण घालणार. पूर्वापार मासेमारी करणाऱ्यांना थोडी सवलत आहे, पण साध्या माणसाला समुद्रात जाऊन पोहण्याचा सरसकट हक्क नाही. बेटावर जन्मलेल्या माणसाला! त्यावर तिथे आजही कोर्टात खटले चाललेत, जॅबेम नावाची चळवळ आहे.

आता कादंबरीतलं गाव उठतं ते कोणामुळे? मार्गोच्या महत्त्वाकांक्षेमुळे? ती नसती तर दुसरी कोणी असती. पण कादंबरी मार्गोच्या मनात इतकी रमते की कागद कोणी केला, सही कोणाची, हे धूसर राहतं. मी मालवणकडचा. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तेव्हापासून आमच्याकडे जे ऐकतोय त्यात मुख्य पात्र नेहमी तलाठ्याचं दप्तर असतं. आपल्याकडे निदान १९९१ ची सीआरझेड (किनारपट्टीवरच्या बांधकामांना आळा घालणारी) अधिसूचना आली, किनाऱ्यावर लोकांची वहिवाट राहिली. पळवाटा काढतात ते वेगळं. तरी अमुक हॉटेलच्या मागून समुद्रावर जायची पाणंद बंद झाली की गाव जाऊन भांडू शकतं. तिथे भांडायला मूळ हक्कच नाही.

म्हणून माझी तक्रार उंटावरच्यांच्या उलट आहे. पुस्तकात दुःख जास्त नाही, राजकारण कमी आहे.

उंटावरचा_शहाणा

@तिरफळ, उलट कसली, तुम्ही माझंच म्हणणं जास्त चांगलं मांडलंत. :)

रानजाई म्हणतात पर्यटकाला खलनायक केलं नाही हे मोठेपण. मी म्हणतो हीच सोय आहे. अमेरिकन वाचक पुस्तक मिटतो तेव्हा त्याला कोणाचा राग आलेला असतो? डलोरेसचा. मार्गोचा. म्हणजे गरीब काळ्या बायकांचा. ज्याने खोलीत पैसे मोजले तो माणूस पानापुरता येतो आणि जातो, त्याला घर नाही, आई नाही, पश्चात्ताप नाही. वाचक पुढच्या डिसेंबरात खुशाल तिकीट काढायला मोकळा.

आणि पर्यटन म्हणजे नुसतं पाप आहे का? बॉक्साइट आणि साखरेचे दिवस गेल्यावर या बेटाकडे डॉलर येण्याचे मार्ग उरले कोणते? पर्यटन, आणि परदेशातल्या माणसांनी घरी पाठवलेले पैसे. 'सगळं आत, बाहेर पडूच नका' या पद्धतीच्या रिसॉर्टांपैकी सगळ्यात गाजलेली सँडल्स कंपनी तर १९८१ मध्ये माँटेगो बेमध्येच बुच स्टुअर्ट या जमैकन माणसाने काढली. गोरा मालक आणि काळा नोकर एवढं ते सोपं नाही. पर्यटनातल्या कामगारांसाठी २०१९ मध्ये पेन्शनचा कायदा झाला. यातलं काही कादंबरीत दिसत नाही.

वरणफळ

१९९४ च्या कादंबरीत २०१९ चा कायदा कसा दिसणार हो, काका?

उंटावरचा_शहाणा

मान्य. तेवढं सोडून वाचा.

रानजाई

मालकाचं म्हणाल तर पुस्तकातला हॉटेलमालक अल्फोन्सोही जमैकनच आहे, उजळ कातडीचा, पिढीजात पैसेवाला. म्हणजे तुमचा मुद्दा लेखिकेला ठाऊक आहे. थांडी कातडी का जाळून घेते याचं उत्तरही तिथेच आहे. तिने बघितलंय की बेटावर वरच्या मजल्यांवर कोण बसतं. ती मूर्ख नाही, तिचा हिशेब चुकीच्या बाजारातला आहे इतकंच.

तिरफळ, तुमचं मात्र मनात राहिलं. कागद दिसत नाहीत हे खरंय. पण मला वाटतं ते रिव्हर बँकमधल्या माणसांनाही दिसत नाहीत. एक दिवस बुलडोझर येतो, तेव्हा कळतं. लेखिका गावकऱ्यांना ठाऊक त्यापेक्षा जास्त आपल्याला सांगत नाही.

तिरफळ

ही पळवाट झाली. मार्गो मालकाच्या शेजारी बसते, तिला सगळं आधी कळतं. तिच्या डोळ्यांनी आम्हाला नकाशा दाखवता आला असता. दोन पानं पुरली असती.

खेकड्याची_कढी

पुरुष पर्यटकांवरच सगळे बोलताय. तिथल्या किनाऱ्यांवर एकट्या आलेल्या गोऱ्या बायकांच्या मागे फिरणारे जटावाले तरुण, 'रेंट-अ-ड्रेड' म्हणतात त्यांना, त्यांच्यावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिलंय. तिथे गिऱ्हाईक बाई आणि विकला जाणारा पुरुष. त्या पोरांना आपण विकले जातोय असं वाटत नाही, गावात त्यांना उलट भाव मिळतो. मार्गोला मात्र कधी फुशारकी मारता येत नाही. या फरकावर कोणीतरी लिहायला हवं. (इथे नको, वेगळा धागा काढा.)

पेडण्याचा_दर्यावर्दी

@खेकड्याची_कढी, खरंय. आणि तसलं आमच्या किनाऱ्यावरही आहे, पण नावं घेतली तर घरी जेवण मिळणार नाही.

उंटावरचे, तुमच्या 'डॉलर येतात' यावर एक. बोटीवरच्या माणसाने धक्क्यावर कुंपणाआड हिरा घेतला, तर दुकान बहुतेक बेटोबेटी असणाऱ्या साखळीचं. सहल बोटीवर बुक केली तर त्यातला मोठा वाटा बोटीचा. बाहेर रस्त्यावर पडतं ते केस विणून घेणं, शहाळं, टॅक्सी आणि रानजाईंनी लिहिलंय ते. डॉलर येतात, पण रस्त्यावर उतरायला त्यांना कुठला दरवाजा ठेवलाय तेही बघा ना.

घाटमाथा

अनुवादाचं कोणी सांगितलं नाही अजून. आणि संवाद पात्वामध्ये (जमैकाच्या बोलीत) आहेत म्हणे, जड जातात का?

रानजाई

अनुवाद माझ्या पाहण्यात नाही. पात्वा पहिली वीसेक पानं अडखळवते, मग कानात बसते. निवेदन साध्या इंग्रजीत, बोलणं बोलीत. मालवणी नाटकं बघणाऱ्याला यात नवल नाही.

उंटावरचा_शहाणा

दर्यावर्दींचा प्रतिसाद कादंबरीपेक्षा आवडला, हे नोंदवून ठेवतो. आणि तिरफळ यांच्यामुळे बीच कायदा शोधून वाचला, तो कादंबरीपेक्षा भयंकर निघाला. पण डलोरेसला सबंध पुस्तकात एक बरा दिवस द्यायला हवा होता, या मतावर मी ठाम आहे.

रानजाई

आणि तिने तो कशात घालवला असता? गल्ला मोजण्यातच ना?

उंटावरचा_शहाणा

मोजू दे की. पण मोजून झाल्यावर शेजारणीशी चार शिव्या घालत हसली असती तर तिने मुलीला विकलं हे मला आणखी लागलं असतं. आत्ता ती पहिल्या पानापासून विकणारीच वाटते, मग धक्का कसला?

तिरफळ

हे पटलं. रानजाई, आता बोला.