प्रति: तीन वर्षांत संपलेला बँड

मायनर थ्रेट हा अमेरिकेतल्या वॉशिंग्टन डी.सी.चा पंक रॉक बँड १९८०मध्ये सुरू होऊन १९८३मध्ये संपला, मग एवढं कौतुक कशाला, असं एकानं विचारलंय. कौतुक गाण्यांचं आहेच, पण त्याहून जास्त ती ज्या पद्धतीनं बाहेर आली त्याचं आहे.

मायनर थ्रेटमधले इयन मॅकाय आणि जेफ नेल्सन त्याआधी वॉशिंग्टनच्याच टीन आयडल्स या बँडमध्ये होते. त्या बँडनं कार्यक्रमांचे पैसे वाटून न घेता साठवले. सहाशे डॉलरच्या आसपास जमले. बँड मोडताना त्यांनी त्यातूनच स्वतःची रेकॉर्ड छापली, आणि डिसकॉर्ड ही रेकॉर्ड कंपनी उभी राहिली. रेकॉर्डचं वेष्टन बनवायचं कसं? बाजारातलं एक तयार वेष्टन उकलून त्याचा आकार गिरवला, मग पोरांनी बसून सगळी वेष्टनं कात्रीनं कापून, दुमडून, गोंदानं चिकटवली. मायनर थ्रेटची पहिली रेकॉर्डही याच कंपनीतून आली.

पंक पोरं हातावर फुली काढतात, तिची गोष्टही टीन आयडल्सचीच. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबनं अल्पवयीन टीन आयडल्सना दारू मिळू नये म्हणून हातावर फुली मारून आत घेतलं. वॉशिंग्टनला परतल्यावर पोरांनी हीच युक्ती तिथल्या क्लबांपुढे ठेवली. गाणं ऐकायला आत जाता यावं, एवढीच मागणी होती. डिसकॉर्ड आजही चालू आहे.