मदत हवी आहे: लेबल नसलेली गोरेपणाची क्रीम कुठे तपासून मिळेल?

नाशिककरांनो, माझी धाकटी जाऊ मेन रोडवरून आणलेली गोरेपणाची क्रीम रोज लावते. डबीवर ना घटकांची यादी, ना बॅच नंबर, ना बनवणाऱ्याचा पत्ता. चेहरा झटकन उजळला, पण एक दिवस नाही लावली की लालबुंद होऊन आग होते. अशा क्रीममध्ये पारा किंवा क्लोबेटासोलसारखं स्टेरॉइड सापडतं. स्टेरॉइडने कातडी पातळ होते, पारा मूत्रपिंडं बिघडवतो. तिचं बाळ अजून अंगावर पितंय, म्हणून जीव जास्त घाबरतो.

पारा तपासणारी लॅब नाशिकमध्ये कुणाला माहीत आहे? अन्न व औषध प्रशासनाकडे कुणी तक्रार केलीये का? आमच्याकडे बिल नाही, चालेल का? क्रीम एकदम थांबवायची की हळूहळू, हे नीट समजावणारे त्वचारोगतज्ज्ञही सुचवा. सिडकोजवळ असतील तर बरं.