बंडूदादाचा पिकअप इंदूरजवळच्या भेरूघाटात (आमच्या फॅमिली ग्रुपवरून)

गुरुवार

बंडूदादा: भेरूघाटात अडकलोय. चोरल सोडलं, चढ लागला आणि गाडीने जीव सोडला. इंजिन चालू आहे पण गाडी पुढे जात नाहीये, गिअर डी मध्ये टाकून पाय दिला की काटा साडेतीन हजारावर आणि गाडी जागच्या जागी. मागे आठ कट्टे लसूण. नेटवर्क येतंजातं, फोन लावू नका मेसेज करा

मंगलआत्या: अरे देवा. एकटाच आहेस का? काही खाल्लंस का सकाळपासून?

नानाकाका: डिझेल बघ आधी.

बंडूदादा: नाना अर्धी टाकी आहे. इंजिन एकदम मस्त आहे हो, जोर चाकापर्यंत पोचतच नाहीये

नानाकाका: मग दोनचार जण बोलाव, ढकल आणि दुसरा टाकून क्लच सोड. बिजासन घाटात मी ॲम्बेसेडर अशीच काढली होती, सामानासकट आणि तुझ्या काकूसकट.

पिंट्या: नाना यात क्लचचं पेडलच नाहीये 🙏 आणि ऑटोमॅटिक ढकलून सुरूही होत नाही. बंडूदादा आधी रेस देणं बंद कर. गिअरबॉक्सच्या आतल्या प्लेटा घसरून राहिल्या आहेत, जितकी रेस देशील तितक्या जळतील. दुसरं, चढावर उभा आहेस तर नुसत्या पी (पार्किंग) वर सोडू नकोस, आधी ब्रेक दाबून हँडब्रेक ओढ, चाकामागे दगड लाव, मग पी. पी मध्ये आत एक बोटाएवढा खटका असतो, एवढी गाडी अधिक लसूण त्या एका खटक्यावर लटकवायची नाही. मीटरवर कुठला दिवा आहे?

बंडूदादा: दगड लावला. इंजिनचा पिवळा दिवा आहे आणि खाली ए/टी ऑइल टेम्प असं काहीतरी. एक ट्रकवाला थांबलाय, चांगला माणूस आहे, म्हणतोय रस्सी बांधून सिमरोलपर्यंत ओढतो ५०० द्या

पिंट्या: नको!!! रस्सी अजिबात नको

चिंगी (पुणे): पण वर आयआयटीपर्यंत ओढून नेलं तर काय बिघडतं, तिथे निदान लाइट तरी असेल ना, काळोख होईल थोड्या वेळात

पिंट्या: अगं साध्या गिअरच्या गाडीत चालून जातं. ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्सचा तेलाचा पंप इंजिनवर फिरतो. ओढलेल्या गाडीत चाकं फिरतात, चाकांमुळे आतला अर्धा गिअरबॉक्स फिरतो आणि तेल मात्र फिरत नाही, म्हणजे सगळं कोरडं घासलं जातं. त्यात ही फोर बाय फोर, चारही चाकं वर पाहिजेत. फ्लॅटबेडच लागेल. नॅशनल हायवे आहे, १०३३ ही हायवेची हेल्पलाइन लाव, ते कुठे उभा आहेस ते विचारतात, किलोमीटरचा दगड बघून सांग. आणि इन्शुरन्सच्या कागदात रोडसाइड असिस्टन्स घेतलंय का बघ

सुलूवहिनी: घेतलंय. ३९९ रुपये भरलेत, मीच भरले. फोटो टाकते पॉलिसीचा.

बंडूदादा: 🙏🙏 ट्रकवाल्याने बिस्किटं दिली आणि गेला. आत्या, खाल्लं

मंगलआत्या: बिस्किटांनी काय होतंय.

बंडूदादा: फ्लॅटबेड आली, ९:४० ला. लसूण आता त्याच्यावर बसून चाललाय आणि मी ड्रायव्हरशेजारी. माणूस सारखा एकच विचारतोय, भिया इतनी महंगी गाडी में लस्सन?

शुक्रवार

बंडूदादा: घरापासून जवळ म्हणून ज्या गॅरेजला रात्री उतरवली त्याने सकाळी स्कॅनर लावला, दहा मिनिटात निकाल, गिअरबॉक्स बैठ गया, नया डलेगा. नवी असेंब्ली साडेसहा लाख, लेबर वेगळं, ५० टक्के ॲडव्हान्स. मी तिथेच टायरवर बसलो

बडोदाकाका: बंडू, हे लुटताहेत. आमच्या शेजारच्यांची ऑटोमॅटिक अशीच घसरत होती. क्लच प्लेट बदलली, १८ हजारात काम झालं. तू गाडी इकडे बडोद्याला आण.

चिंगी (पुणे): काका बडोद्याला आणायला चालायला नको का ती 😄

पिंट्या: काका ती एएमटी असणार. २०१४ ला सेलेरियोपासून जी स्वस्त ऑटोमॅटिकची लाट आली ना ती. ती मुळात साधी गिअरचीच गाडी, नेहमीचीच क्लच प्लेट, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मोटर करते, म्हणून १८ हजार. बंडूदादाच्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर आहे. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे तेलाने भरलेला गोल डबा, एका बाजूचा पंखा तेल फेकतो आणि त्या तेलाने दुसऱ्या बाजूचा पंखा फिरतो, पुढे गिअरबॉक्समध्ये पातळ प्लेटांच्या गड्ड्या, त्या तेलाच्या दाबाने दाबल्या जातात. जोर पोचवायचा तेलाने, प्लेटा दाबायच्या तेलाने, गारवा तेलानेच. तेल बिघडलं की सगळंच बिघडलं

मंगलआत्या: पिंट्या पीथमपूरला कामावर हेच करतो दिवसभर. घरी मात्र मिक्सर दुरुस्त करून देत नाही.

नानाकाका: इन्शुरन्स क्लेम टाक बंडू. एवढे प्रीमियम भरतो आपण.

सुलूवहिनी: नाना मी सकाळीच वाचून काढली पॉलिसी. मेकॅनिकल ब्रेकडाउन आणि झीज वगळलंय सरळ. ते फक्त उचलून आणायचे देतात, ते मिळाले.

पिंट्या: दादा त्या माणसाने तेल काढून बघितलं का?

बंडूदादा: नाही. म्हणाला सील्ड आहे, डिपस्टिकच नाहीये यात, तेल लाइफटाइम असतं

पिंट्या: डिपस्टिक नाही म्हणजे बघता येत नाही असं नाही ना, खाली प्लग असतो. तेल न बघता साडेसहा लाखाचा आकडा कसा काय काढला त्याने? स्कॅनरवर बिघाडाचा कोड काय आला?

बंडूदादा: पी ०७३० आणि पी ०७४१ असं कागदावर लिहून दिलंय

पिंट्या: पहिला म्हणजे जो गिअर हवा त्याचं गणित जुळत नाहीये, दुसरा म्हणजे कन्व्हर्टरचा लॉक, दोन्ही पंखे एकत्र जखडतो तो, बसत नाहीये. दोन्हीचा अर्थ इतकाच की आत घसरतंय, का घसरतंय ते यातून कळत नाही. ताप आलाय एवढंच थर्मामीटर सांगतो, मलेरिया की टायफॉइड ते नाही सांगत. ॲडव्हान्स देऊ नकोस. उद्या मला सुट्टी आहे, देवास नाक्याला एक जण फक्त ऑटोमॅटिकच उघडतो, त्याच्याकडे नेऊ. फ्लॅटबेडनेच!

बडोदाकाका: लसणाचं काय झालं?

सुलूवहिनी: आमच्या पार्किंगमध्ये आहे. पूर्ण बिल्डिंगला वास येऊन राहिलाय, दोघांनी भाव विचारला, तीन किलो विकला पण.

शनिवार

पिंट्या: [फोटो] बघा

चिंगी (पुणे): ईईई हे काय आहे? स्ट्रॉबेरी मिल्कशेक?

बंडूदादा: माझ्या गिअरबॉक्सचं तेल आहे चिंगे. उस्तादने प्लग खोलला, ट्रेमध्ये हे पडलं, त्याने बोट बुडवून वर धरलं आणि पहिलं वाक्य, भिया ये तो शिकंजी बन गई (आपली इंदूरची, दुधाची). इथे कोणी हसलं नाही, मीच हसलो, येड्यासारखा

नानाकाका: तेल तांबडं असतं ना याचं?

पिंट्या: हो नाना, नवं असताना लाल, पारदर्शक. नुसत्या गरमीने जळलं असतं तर काळपट तपकिरी झालं असतं आणि करपलेला वास आला असता. हे गुलाबी आणि दुधाळ आहे, म्हणजे यात पाणी गेलंय, इंजिन गार ठेवतं ते. कूलंट. आता कूलंट गिअरबॉक्समध्ये येईल कुठून? एकच जागा, रेडिएटर. या गाडीत गिअरबॉक्सचं तेल गार करायची नळी रेडिएटरच्या खालच्या टाकीच्या आतून जाते. बाहेर कूलंट, आत तेल, मधे पातळसा पत्रा. तो पत्रा आत कुठेतरी फुटला. गाडी चालू असताना तेलाचा दाब जास्त म्हणून थोडं तेल कूलंटमध्ये जातं, आणि गाडी बंद केली की पंप थांबतो पण गरम रेडिएटरमध्ये दाब तसाच राहतो, मग कूलंट उलटं तेलात. म्हणजे रोज संध्याकाळी गाडी लावून दादा वर चहाला गेला की खाली पार्किंगमध्ये हे चालू. प्लेटांवर कागदासारखं अस्तर चिकटवलेलं असतं, कूलंटने ते फुगतं, चिकटवण सुटतं आणि अस्तर निघून येतं. चाळणीत त्याचाच गाळ सापडला, ओल्या पुठ्ठ्यासारखा

सुलूवहिनी: एक मिनिट. कूलंट?

बंडूदादा: सुलू इथे नको

सुलूवहिनी: इथेच. माझ्या हिशेबाच्या वहीतून वाचते. फेब्रुवारी, कूलंट १ लिटर. मार्च, कूलंट १ लिटर. एप्रिल दोनदा. मे, १ लिटर. मी विचारलं होतं की एवढं कूलंट पितं कोण, तर हे म्हणाले उन्हाळा आहे, उडतं.

मंगलआत्या: 😂😂 वही काढली

बंडूदादा: मान्य. उघड्या भांड्यातलं उडतं तसं समजलो मी. रोज सकाळी खाली वाकून बघायचो, फरशीवर डाग नाही, पाइप कोरडे, मग म्हटलं लीक नाही म्हणजे काळजी नाही. आणि आणखी एक सांगून टाकतो, कूलंटच्या डब्यात आतून गुलाबी साय धरली होती, ती मी बोटाने पुसून टाकली होती, कूलंटचाच रंग असेल म्हणून

पिंट्या: बंद सिस्टिम असते दादा ती, उडून जाणार कुठे. खाली डाग नाही आणि डबा रिकामा होतोय म्हणजे आत कुठेतरी जातंय, इंजिनमध्ये नाहीतर गिअरबॉक्समध्ये. गाडी थरथरायची का? पन्नास साठच्या स्पीडला, हलका पाय असताना?

बंडूदादा: होळीपासून. रस्त्यावर त्या पांढऱ्या उंच पट्ट्या मारतात ना स्पीड कमी करायला, त्यांच्यावरून गेल्यासारखं, दोन तीन सेकंद गुर्रर्र आणि मग बंद. टायरवाल्याकडे बॅलन्सिंग केलं, दोनदा. टायरवाल्याने दोनदा पैसे घेतले

पिंट्या: तो कन्व्हर्टरचा लॉक बसताना घसरत होता. तेव्हा आला असतास तर रेडिएटर, तेल, दोन तीन वेळा फ्लश, कदाचित एवढ्यावर निभावलं असतं

नानाकाका: आता झालं ते झालं. पुढे काय म्हणतो उस्ताद?

बंडूदादा: नवी असेंब्ली नको म्हणतो. बॉक्सच्या लोखंडाला काही झालेलं नाही, गिअर शाबूत आहेत. प्लेटांचा पूर्ण किट, सगळे सील, चाळणी, कन्व्हर्टर कापून आतून साफ करून नवं अस्तर, वॉल्व्ह बॉडी (तेल कुठे जायचं ते ठरवणारा भाग) खोलून धुवायची, त्यातले सोलेनॉइड (विजेवरचे वॉल्व्ह) एकेक तपासायचे, जो अडकेल तो बदलायचा. आणि रेडिएटर नवा, जुना परत लावणार नाही म्हणतो फुकट दिला तरी. सगळं मिळून १ लाख ८५ हजार, किट दिल्लीहून येणार, पंधरा दिवस. साडेसहाच्या मानाने मला हे स्वस्त वाटतंय हीच दुःखाची गोष्ट आहे

बडोदाकाका: नुसतं तेल बदलून चालव की थोडे दिवस. मग बघू.

पिंट्या: काका अस्तरच निघालंय, नवं तेल कोणाला चिकटवणार. आणि प्लगमधून निम्म्याहून कमीच तेल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांमध्ये राहतं, तीच शिकंजी परत नव्यात मिसळणार. दादा अजून एक त्याच्याशी बोललोय, नव्या रेडिएटरमधून तेलाची नळी न्यायचीच नाही, तेलासाठी वेगळा कूलर पुढे जाळीमागे लावायचा. इंदूरची थंडी काही काश्मीरची नाही, तेल गरम व्हायला रेडिएटरची मदत लागत नाही आपल्याकडे. पुन्हा पत्रा फुटला तरी तेल आणि कूलंट भेटणारच नाहीत

सुलूवहिनी: कूलर लावा. वर जे काय होतील ते होतील. फक्त बिल माझ्याकडे द्या, तोंडी आकडा नको.

तीन आठवड्यांनंतर, रविवार

बंडूदादा: निघाली बाहेर. १ लाख ९७ हजार, कूलर धरून. शेवटचं काम बघण्यासारखं होतं, तेल भरायचं पण डिपस्टिक नाही, तर गाडी लिफ्टवर सपाट, इंजिन चालू, स्कॅनरवर तेलाचं तापमान, आणि चाळीसच्या आसपास आलं की उस्तादने खालचा प्लग सोडला, जादाचं तेल बाहेर, धार बारीक होऊन टिपटिप झाली की लगेच प्लग बंद. गार तेलावर केलं तर जास्त भरलं जातं म्हणे आणि फार गरमवर केलं तर कमी. मी मोबाइल काढला व्हिडिओला तर म्हणतो भिया पहले टॉर्च पकड़ो

मंगलआत्या: चालते कशी?

बंडूदादा: पहिले दोन दिवस गिअर बदलताना धक्का देत होती, मी घाबरून पिंट्याला रात्री साडेदहाला फोन लावला. कंप्युटर नव्या प्लेटा शिकतोय, शिकू दे म्हणाला. आता लोण्यासारखी. काल मुद्दाम शेतावर जाऊन सहा कट्टे टाकून भेरूघाट चढलो, थर्ड मॅन्युअलला धरून, दिवा नाही, थरथर नाही. जिथे दगड लावला होता तिथे थांबलो, दगड तिथेच आहे अजून

नानाकाका: लसूण पाच किलो इकडे पाठव. मोठ्या पाकळीचा.

सुलूवहिनी: नाना उद्या देते. आणि पिंट्या, तो जुना रेडिएटर माझ्या बाल्कनीत तुळशीला टेकवून ठेवलाय तुम्ही लोकांनी, भंगारवाला रोज विचारतोय.

पिंट्या: वहिनी देऊ नका प्लीज, मला कापून बघायचंय कुठे फुटलाय ते. शनिवारी ग्राइंडर घेऊन येतो

मंगलआत्या: येताना आमचा मिक्सर पण घेऊन जा म्हणावं.