'रिअर विंडो'मधले लिसाचे कपडे: नुसता नखरा की पुरावा?

रंगरेषा

रविवारी रात्री घरच्यांबरोबर 'रिअर विंडो' पुन्हा पाहिला. मध्यंतरातच धाकटा भाऊ म्हणाला, "खून राहिला बाजूला, ही बाई दर संध्याकाळी नवा ड्रेस घालून येतेय. हा सिनेमा आहे की सेल?" घरातलं भांडण अर्धवट राहिलं, म्हणून इथे आणते आहे.

पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. दिग्दर्शक हिचकॉक, 1954. पाय मोडून प्लास्टरमध्ये बसलेला फोटोग्राफर जेफ (जेम्स स्ट्युअर्ट) न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या आपल्या खोलीतून समोरच्या खिडक्या न्याहाळत असतो. समोरच्या थॉरवाल्ड नावाच्या सेल्समननं बायकोला संपवलंय, असा त्याला संशय येतो. लिसा (ग्रेस केली) त्याची मैत्रीण, फॅशनच्या धंद्यातली, पैसेवाल्या वर्तुळात वावरणारी. तिला लग्न करायचंय, हा टाळतोय. कपडे वेशभूषाकार ईडिथ हेडचे. पुढे सगळं रहस्य फोडलंय, आधीच सांगून ठेवते.

माझं म्हणणं असं की हे कपडे काढून घेतले तर खुनाचा तपासच उभा राहत नाही. जेफकडे दुर्बीण आहे, कॅमेऱ्याची भलीमोठी लेन्स आहे, डॉइल नावाचा पोलिसातला मित्र आहे. पण खरा धागा लिसाला सापडतो, आणि कशावरून? बायकोच्या पर्सवरून. थॉरवाल्ड बायकोची पर्स हातात घेऊन त्यातले दागिने चाचपतोय, हे जेफ पाहतो, पण त्याचा अर्थ लिसा लावते. बाई गावाला निघाली तर आवडती पर्स मागे ठेवत नाही. दागिने पर्समध्ये असे कोंबत नाही, गुंततात, चरे पडतात. आणि लग्नाची अंगठी तर घरी ठेवून जातच नाही. डिटेक्टिव्ह डॉइल यावर हसतो, असली बायकी अंतःप्रेरणा मासिकांत खपते म्हणतो. शेवटी खरी ठरते ती तिची गोष्ट.

हे बोलणाऱ्या बाईच्या अंगावर गोणपाट असतं, तर तुम्ही विश्वास ठेवला असता का? तिचे कपडे म्हणजे तिची त्या विषयातली पदवी आहे.

बोरूबहाद्दर

पर्सचा मुद्दा मान्य. त्यासाठी चार-पाच पोशाख लागतात हे अमान्य.

पहिलाच प्रवेश बघा. उकाडा इतका की थर्मामीटर चौऱ्याण्णव फॅरेनहाइटवर, शेजारी बाल्कनीत गाद्या टाकून झोपलेत, आणि या बाई घेरदार पांढऱ्या स्कर्टात, कोपरापर्यंत हातमोजे घालून हजर. कशासाठी? प्रेक्षकांनी तोंडात बोट घालावं म्हणून. हिचकॉकनं हेडला सांगितलं होतं म्हणे की ही चिनी मातीच्या बाहुलीसारखी दिसली पाहिजे, हात लावायला जीव धजणार नाही अशी. बाहुली! दिग्दर्शकच जिला बाहुली म्हणतो तिला तुम्ही पदवी देताय.

टाकेवाली

मी गेली सतरा वर्षं लग्नाचे ब्लाउज आणि गाऊन शिवते, तेव्हा त्या पहिल्या ड्रेसबद्दल मला बोलू द्या. बाकीचं तुम्ही भांडा.

वरचा भाग काळा, अंगाला चिकटलेला, गळा खोल. खाली पांढऱ्या शिफॉनचा घेर, आतून जाळीचे थर. कमरेपासून खाली काळ्या मण्यांच्या फांद्या उतरत आल्यात. भरतकाम फक्त तेवढंच, बाकी घेर मोकळा. माझ्याकडे येणारी गिऱ्हाईकं याच्या उलट सांगतात, "ताई, सगळीकडे काम पाहिजे." सगळीकडे काम केलं की नजर कुठेच थांबत नाही. इथे ती कमरेवर थांबते आणि मग हळूहळू खाली सरकते. 1947 साली पॅरिसमध्ये डिओरनं बारीक कंबर आणि भरपूर घेर आणला, त्याच वळणाचा हा कट.

आता दृश्य आठवा. जेफ झोपलाय, आधी त्याच्या चेहऱ्यावर सावली पडते, मग तिचा चेहरा जवळ येतो, ड्रेस दिसतच नाही. मग तो लाडिकपणे विचारतो, तू कोण, आणि ती एकेक दिवा लावत एकेक शब्द म्हणते: लिसा, कॅरल, फ्रीमाँट. तिसरा दिवा लागतो तेव्हा पूर्ण घेर उजेडात येतो. आमच्या धंद्यात ट्रायल रूमचा पडदा सरकवताना आम्ही हेच करायला बघतो, जमत नाही ती गोष्ट वेगळी.

आणि बोरूबहाद्दर, बाहुलीला किंमत विचारल्यावर ती ठणकावून "अकराशे डॉलर" सांगते का? जेफ म्हणतो, हा ड्रेस शेअर बाजारात नोंदवायला हवा. ती म्हणते, असे दिवसाला डझनभर विकतो आम्ही. ही दुकानदाराची भाषा आहे, बाहुलीची नाही.

मावळतीचा_मधू

1954 चे अकराशे डॉलर म्हणजे आजचे अकरा पटींहून जास्त. जेफचं भाडं किती असेल याचा विचार करतोय.

चहा_कमी_साखर

रंगरेषा, "पदवी" हा शब्द आवडला, पण पटला नाही. एक साधी गोष्ट बघा. मूळ कथा कॉर्नेल वुलरिचची, 1942 ची. तिच्यात लिसा नाहीच! तिथे जेफच्या मदतीला सॅम नावाचा नोकर आहे. आणि नोकर असूनही गुंता सुटतो. म्हणजे तपासाला बाई लागत नव्हती, सिनेमाला लागत होती. पटकथाकार जॉन मायकल हेझनं ती घातली, आणि ज्या अर्थी घातली त्या अर्थी तिला सजवणं आलंच.

दुसरं, शेवट. पाय दोन्ही प्लास्टरमध्ये, जेफ झोपलाय, आणि शेजारी लिसा जीन्स आणि साध्या शर्टात पाय पसरून बसलीय. इतका वेळ ज्या बाईनं पॅरिसचे झगे घातले तिनं शेवटी त्याच्या आवडीचे कपडे घालून घ्यायचे. हिमालयावरचं पुस्तक वाचतेय! यात कसली पदवी, ही तर बदलीची ऑर्डर.

रंगरेषा

अहो, पण पुढच्या दहा सेकंदांचं काय? तो झोपलाय याची खात्री करते आणि हिमालय बाजूला ठेवून 'हार्पर्स बझार' हे फॅशनचं मासिक उघडते. सगळ्या सिनेमाची मेख तिथे आहे. कपडे बदलले, डोकं नाही बदललं.

बोरूबहाद्दर

म्हणजे तुमच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा काय, तर नवरा झोपल्यावर बायको चोरून मासिक वाचते. वा! आमच्या आजोळी हीच प्रगती 1954 पूर्वीच झाली होती.

टाकेवाली

😂 हे मात्र खरं.

अक्षरशत्रू

सगळे जण पहिल्या आणि शेवटच्या कपड्यांवर अडलेत. मधलं बघा ना.

दुसऱ्या संध्याकाळी ती काळ्या ड्रेसमध्ये आहे. भांडण झालंय, वातावरण सुतकी. समोर थॉरवाल्ड मोठ्या ट्रंकेला दोर बांधताना दिसतो आणि लिसा एकदम गप्प होते. मग म्हणते, पहिल्यापासून सगळं सांग, काय पाहिलंस आणि त्याचा अर्थ काय वाटतो. इथून ती प्रेयसी राहत नाही, तपासात शिरते. काळा रंग तिथे मला अगदी बरोबर वाटतो.

तिसऱ्या संध्याकाळी फिका हिरवा सूट, आत पांढरा हॉल्टर ब्लाउज, डोक्यावर जाळीची छोटी टोपी. पर्स आणि अंगठीचं सगळं बोलणं याच सूटमध्ये आहे. आणि हातात छोटीशी काळी बॅग. जेफ आधी म्हणाला होता की माझ्याबरोबर यायचं तर एका सुटकेसमध्ये संसार बसवावा लागेल. ती ती बॅग टेबलावर ठेवते, उघडते, झुळझुळीत नाइट गाऊन बाहेर डोकावतो, आणि म्हणते, तुझीही सुटकेस एवढी लहान नसेल. मला तो सबंध सिनेमातला सगळ्यात भारी टोमणा वाटतो, आणि कापडातून मारलाय.

चहा_कमी_साखर

आणि मग तीच बाई गाऊन घालून येते आणि विचारते, कशी दिसते? तेवढ्यात समोरून किंकाळी, कुत्रं मारलं. गाऊनवर किंकाळी. हिचकॉकला स्वतःलाच गाऊन म्हणजे विनोद वाटत होता.

अक्षरशत्रू

त्या काळात हॉलीवूडची सेन्सॉर संहिता चालत होती. बिनलग्नाची बाई रात्री मुक्कामाला येते हे सरळ दाखवायची सोय नव्हती. बॅगेतून गाऊनचं टोक डोकावलं की अख्खं वाक्य न बोलता झालं. डॉइल त्या बॅगेकडे बघतो, मग जेफकडे बघतो. त्याच्या नजरेतच भांडण आहे.

बोरूबहाद्दर

गाऊनवरून आठवलं. ग्रेस केलीनं नंतर सांगितलेला किस्सा आहे. गाऊनच्या प्रसंगात छाती भरीव दिसत नाही असं हिचकॉकला वाटलं आणि आत गाद्या भरा म्हणून निरोप आला. केली आणि हेडनं आत काहीही न भरता इकडेतिकडे टाके मारून आणले, आणि साहेबांनी पाहून "आता बरं" म्हटलं. किस्सा हसायचा खरा, पण कपड्यांचा निर्णय घेणारे डोळे कुणाचे होते ते बघा. तिनं ते फसवून टाळलं, नाकारता आलं नाही.

आपल्याकडचं उदाहरण लगेच समोर येतं. 1956 चा 'सीआयडी', रहस्यपटच. वहिदा रहमानचा पहिला हिंदी सिनेमा. तिनं करारातच लिहून घेतलं होतं की न आवडलेले कपडे मी घालणार नाही. नवखी मुलगी, समोर मोठी मंडळी, आणि तरी अट. आणि त्या सिनेमाच्या कपड्यांत कोण होतं, तर आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया, त्यांच्याही सुरुवातीच्या कामांपैकी एक. पुढे 'गांधी'साठी ऑस्कर. 'रिअर विंडो'च्या बायकांना असं म्हणायची मुभा होती का, एवढंच मला विचारायचंय.

टाकेवाली

भानूताईंचं नाव घेतलंत म्हणून मी तुमच्यावरचा राग निम्म्यानं कमी केला.

पण एक लक्षात ठेवा. ज्या टाक्यांनी दिग्दर्शक फसला ते टाके कुणीतरी मारले, पॅरामाउंट स्टुडिओच्या शिवणखात्यात बसून. पडद्यावर हेडचं नाव आलं. मी स्वतः हेडची भक्त आहे, आठ ऑस्कर काही उगाच मिळत नाहीत. पण त्याच वर्षीच्या 'सॅब्रिना'चं ऑस्कर तिनं घेतलं तेव्हा ऑड्री हेपबर्नचे निम्मे कपडे पॅरिसच्या जिव्हान्शीचे होते आणि पडद्यावर त्याचं नाव नव्हतं. आमच्या लाइनीत हे जुनं दुखणं आहे. माझ्या हाताखालची मुलगी आठ दिवस बसून बाह्या भरते, फोटोखाली नाव माझं जातं. मीही काही संत नाही.

मावळतीचा_मधू

फुलाफुलांच्या ड्रेसबद्दल कुणीच कसं बोलत नाही? पांढऱ्यावर पिवळी-केशरी फुलं, मोठा घेर, अगदी सहलीचा ड्रेस. त्यातच ती थॉरवाल्डच्या दाराखाली चिठ्ठी सरकवून येते, त्यातच अंगणातला वाफा खणायला जाते, त्यातच लोखंडी जिना चढून त्याच्या खिडकीतून आत उडी मारते. अख्ख्या सिनेमात धाडस करताना तिच्या अंगावर सगळ्यात नाजूक दिसणारा कपडा आहे. कपडा काढून तिला पँट दिली असती तर ती शूर दिसली असती, पण आपण दचकलो नसतो.

आणि चिठ्ठी देऊन धापा टाकत परत येते तेव्हा जेफचा चेहरा बघा. अकराशेच्या ड्रेसकडे त्यानं असं पाहिलं नव्हतं.

चहा_कमी_साखर

मधूकाका, हा मुद्दा पहिल्यांदा पटला. पण याचाच अर्थ माझ्या बाजूनं होतो ना? जीव धोक्यात घातल्यावर त्याला ती दिसली. त्याआधी मण्यांच्या फांद्या, हिरवा सूट, सगळं फुकट गेलं.

रंगरेषा

फुकट कुणासाठी? जेफसाठी. आपल्यासाठी नाही. तो आंधळा आहे आणि आपण नाही, यातच तर मजा आहे. आणि तो स्वतः जवळपास अख्खा सिनेमा पायजम्यात बसलाय, हे कुणाच्या ध्यानात आलं का? त्याच्या पायजम्यावर कुणी निबंध लिहीत नाही.

आता अंगठीकडे या. ती थॉरवाल्डच्या घरात अडकते, पोलीस येतात, आणि पाठीमागे हात नेऊन ती बोट हलवून जेफला दाखवते, मिसेस थॉरवाल्डची अंगठी तिनं स्वतःच्या बोटात घातलीय. पुरावा अंगावर घातला की तो झडतीत निसटत नाही. आणि जेफपासून जी अंगठी मिळावी म्हणून ही बाई इतके दिवस नटत होती, तशीच एक अंगठी, पण मेलेल्या बाईची, तिच्या बोटात आहे. थॉरवाल्ड बोटाकडे बघतो, मग थेट आपल्याकडे.

बोरूबहाद्दर

बरं. अंगठीपुरतं मी मान्य करतो. घेरापुरतं नाही.

टाकेवाली

घेरापुरतं मी सांभाळते. कुणाला तसा शिवून हवा असेल तर फांद्या हातानं भरून देईन, फक्त उन्हाळ्यात सांगू नका.