मदत हवी आहे : दुसरीतल्या मुलीला कोरियात क्लास लावावा का?

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सुवॉनला राहतो. लेक इथल्याच सरकारी शाळेत दुसरीत आहे. दुपारी शाळा सुटली की फाटकाशी पिवळ्या व्हॅन हजर! कुणी तायक्वांदोला, कुणी पियानोला, तिथून गणित नाहीतर इंग्रजीला. या खासगी क्लासांना इथे हागवॉन म्हणतात. शेजारणीचा मुलगा हिच्याच वर्गात, पण घरी येतो सातला. त्याची ताई बारावीला, ती रात्री दहानंतर. नोव्हेंबरात तिची सुनुंग आहे, म्हणजे ती प्रवेशपरीक्षा, जिच्या इंग्रजी श्रवणचाचणीच्या वेळी देशभर विमानांची ये-जा थांबवतात. शेजारीण बिचारी तीनदा भात लावते.

मला एवढ्यात हे काही नको होतं. पण लेक झोपाळ्यावर एकटीच बसते, खेळायला खाली कुणी नसतंच. मैत्रिणी हव्यात म्हणून क्लास, हे जरा विचित्रच वाटतं.

दोन वर्षांनी पुण्याला परतायचंय. नुसतं तायक्वांदो लावलं तर पुरेल का? गणिताचे क्लास मुलांना पुढच्या इयत्तेचं शिकवतात, मग वर्गात ही मागे पडेल का? इथल्या शाळेत मुलं शिकवलेल्यांनी कृपया सांगा. आणि घरी मराठी वाचन कधी घेता?