क्रॉनमधून येणारा टारचा अनावश्यक एरर संदेश कसा थांबवावा?

प्रश्न:
आमच्या सर्व्हरवर रोज पहाटे २ वाजता क्रॉनमार्फत (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सेवा) टारने (अनेक फाइली एका फाइलीत बांधणारी कमांड) बॅकअप घेतला जातो. बॅकअप व्यवस्थित तयार होतो, परंतु फाइलींच्या मार्गातील सुरुवातीची तिरपी रेघ काढून टाकल्याची एक ओळ एरर आउटपुटवर येते आणि तेवढ्यासाठी क्रॉन रोज मेल पाठवतो. अँपरसँड आणि त्याला चिकटून ‘पेक्षा मोठे’ हे चिन्ह देऊन मी सर्व आउटपुट डेव्ह-नलकडे (आलेले सर्व टाकून देणारी आभासी फाइल) वळवले. टर्मिनलवर कमांड निमूटपणे चालली. क्रॉनचा मेल मात्र येतच आहे. असे का होते?

उत्तर १:
आपले टर्मिनल बॅश हा शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) वापरत असावे. क्रॉन मात्र, वेगळे सांगितले नसल्यास, कमांड एसएच या शेलकडे सोपवतो आणि डेबियन या लिनक्स प्रणालीत २०११ च्या स्क्वीझ आवृत्तीपासून एसएच म्हणजे डॅश. डॅशला ते जोडचिन्ह कळत नाही. अँपरसँड दिसताच तो टारला बॅकग्राउंडमध्ये सोडून देतो आणि उरलेला भाग वेगळी कमांड म्हणून चालवतो, त्यामुळे टारचे आउटपुट वळतच नाही. याहून गंभीर बाब अशी की टार अपयशी ठरला तरी शेलचा एक्झिट कोड (कमांड यशस्वी झाली का हे सांगणारा आकडा) ०, म्हणजे यशाचा, येतो. आधी १ क्रमांकाचे (सामान्य) आउटपुट डेव्ह-नलकडे वळवावे आणि मगच २ क्रमांकाचे (एररचे) १ कडे. क्रम उलटा झाल्यास एरर मेलमध्येच जातील.

उत्तर २:
कारणमीमांसा अचूक आहे, परंतु बॅकअपच्या बाबतीत २ क्रमांकाचे आउटपुट कृपया फेकून देऊ नका. डिस्क भरल्याचे टार तेथेच सांगतो. संदेश मुळातच उमटू नये यासाठी मोठ्या सी पर्यायाने टारला सर्वांत वरच्या, म्हणजे रूट, डिरेक्टरीत न्या आणि पुढचे मार्ग सुरुवातीच्या रेघेविना द्या. शिवाय मोअरयुटिल्स या साधनसंचातील क्रॉनिक हे साधन कमांडच्या आधी लावा. एक्झिट कोड ० असेल तर ते गप्प राहते, अन्यथा सर्व आउटपुट दाखवते. वाचत असताना फाइल बदलली तर जीएनयू टार १ हा कोड देतो, त्यामुळे मेल येईल. तो मेल यायलाच हवा, कारण ती फाइल डेटाबेसची असेल तर तिची प्रत भरवशाची नसते.

प्रश्नकर्ता:
मोठ्या सी पर्यायाने तो संदेश थांबला. क्रॉनिक लावल्यावर चाचणीसाठी अस्तित्वात नसलेल्या डिरेक्टरीचे नाव मुद्दाम दिले, तेव्हा टारची पूर्ण तक्रार मेलने आली. नाव पूर्ववत केल्यावर बॅकअप तयार झाला आणि मेल आला नाही.